मालमत्ता पुढच्या पिढीकडे सोपवताना : पहिल्यांदाच नियोजन करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

भारतात वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेवर आज कर नाही. 1953 च्या अधिनियमाने लागू झालेले संपदा शुल्क, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेली इस्टेट ड्युटी, एके काळी मोठ्या संपत्तीवर 85 टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. ती 1985 मध्ये रद्द झाली. त्यामुळे कर वाचवण्यासाठी नियोजन करण्याची गरज आपल्याकडे बहुतेकांना पडत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते पुढे ढकलले जाते. पण संपत्ती केवळ करापोटीच घटते असे नाही. नावातील फरक, अर्धवट राहिलेल्या वारसनोंदी, न भरलेले नामनिर्देशन (नॉमिनेशन) आणि मोघम शब्दांत लिहिलेले मृत्युपत्र यांच्यापायी ती वर्षानुवर्षे अडकून पडते, आणि तेवढ्या काळात भावंडांतले बोलणेही बंद होते. या लेखात हे काम कोणत्या क्रमाने करावे ते सांगितले आहे. क्रमाला मी मुद्दाम महत्त्व देतो, कारण बहुतेक लोक थेट मृत्युपत्रापासून सुरुवात करतात आणि ज्या मालमत्तेची मालकीच कागदावर स्पष्ट नाही तिची वाटणी लिहून मोकळे होतात.

लेखातील वारसाविषयक विवेचन मुख्यतः हिंदू वारसा अधिनियम, 1956 ज्यांना लागू होतो त्यांच्यासाठी, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी आहे. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधील तरतुदी लागू होतात. मुस्लिम व्यक्तीला सर्वसाधारणपणे अंत्यविधीचा खर्च आणि कर्जे वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांश भागापुरतेच मृत्युपत्र करता येते. त्याहून अधिक द्यायचे असल्यास वारसांची संमती लागते. जमिनीच्या आणि मुद्रांकाच्या तरतुदी महाराष्ट्रातील आहेत.

पहिली पायरी : यादी करा आणि नावे जुळवा

एक साधी वही घ्या आणि तीत स्थावर मालमत्ता, बँकेतील खाती व ठेवी, लॉकर, विमा पॉलिसी, भविष्य निर्वाह निधी, शेअर आणि म्युच्युअल फंड, दागिने, कोणाला उसने दिलेले पैसे आणि स्वतःवरील कर्जे अशी एकेक नोंद करत जा. प्रत्येक नोंदीपुढे चार गोष्टी लिहा: मालमत्ता कोणाच्या नावावर आहे, मूळ कागद कुठे आहे, नामनिर्देशन कोणाचे आहे, आणि तिच्यावर बोजा आहे का. कर्जे लिहायला संकोच करू नका. वारसांना मृताचे कर्ज त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच फेडावे लागते, पण ते कर्ज अस्तित्वात आहे हे त्यांना वेळेवर कळले पाहिजे.

यादीपेक्षा अधिक वेळ खाणारे काम नावांचे असते. माझ्या वडिलांच्या कागदांची जुळवाजुळव करताना एकाच माणसाची तीन नावे हाती लागली. सातबाऱ्यावर आजोबांनी लावलेले घरगुती नाव होते, बँकेच्या पासबुकावर दोन आद्याक्षरे आणि आडनाव होते, आणि विमा पॉलिसीवर पूर्ण नाव असूनही आडनावातील एक अक्षर वेगळे होते. वडील हयात होते म्हणून एका प्रतिज्ञापत्रावर आणि त्यांच्या स्वतःच्या सहीवर ही दुरुस्ती काही आठवड्यांत झाली. तेच काम त्यांच्या पश्चात करायचे झाले असते, तर तिन्ही नावांचा माणूस एकच होता हे प्रत्येक कार्यालयात स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागले असते. म्हणून आधार, पॅन, सातबारा, मालमत्ता पत्रक, गृहनिर्माण संस्थेचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि बँक खाते या सर्व ठिकाणी नाव अक्षरशः एकच आहे का, हे आजच शेजारी शेजारी ठेवून पाहा.

विस्मृतीत गेलेली खातीही याच टप्प्यावर शोधावीत. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवींची रक्कम बँकेकडून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. ती बुडत नाही, परत मागता येते, आणि अशा ठेवी अनेक बँकांत एकाच वेळी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल, तर ते शेअरदेखील गुंतवणूकदारांसाठीच्या केंद्रीय निधीकडे जातात आणि तेथून सोडवून आणण्यास बराच पाठपुरावा लागतो. कागदी स्वरूपातील जुने शेअर घरात असतील, तर ते स्वतःच्या हयातीत डीमॅट करून घ्यावेत.

दुसरी पायरी : मालमत्ता खरोखर कोणाची आहे

'वडिलोपार्जित' हा शब्द बोलण्यात आणि कायद्यात एकाच अर्थाने वापरला जात नाही. वडिलांकडून मिळालेली प्रत्येक वस्तू कायद्याच्या दृष्टीने वडिलोपार्जित ठरत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेले घर त्यांच्या मृत्यूनंतर 1956 च्या अधिनियमानुसार मुलाला मिळाले, तर ते मुलाच्या हातात त्याची स्वतंत्र मालमत्ता असते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये स्पष्ट केले आहे. याउलट, एकत्र कुटुंबाची म्हणून पूर्वीपासून चालत आलेली जमीन सहदायकी मालमत्ता असते, तिच्यात जन्मतःच हिस्सा मिळतो आणि कोणत्याही एका सदस्याला मृत्युपत्राने केवळ स्वतःच्या हिश्श्याची विल्हेवाट लावता येते. संपूर्ण शेत मोठ्या मुलाला देतो असे लिहिणारे वडील पुष्कळदा स्वतःचे नसलेले देत असतात, आणि त्या कागदाचा शेवट दिवाणी दाव्यात होतो.

मुलींच्या हक्काबाबत शंका ठेवू नये. महाराष्ट्राने 1994 मध्येच, जून महिन्यात लागू झालेल्या दुरुस्तीने, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना सहदायक मानले. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्रीय दुरुस्तीने विवाहित असो वा अविवाहित, प्रत्येक मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही हे विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये सांगितले. लग्नात खर्च केला म्हणून तिचा हिस्सा संपला, ही समजूत कायद्याला मान्य नाही. बहिणीला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल, तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे लागते. तोंडी दिलेल्या शब्दावर कोणी कोणाला धरून ठेवू नये, आणि कशावर सही करतो आहोत हे न सांगता तिची सही घेण्याचा विचारही मनात आणू नये.

सातबाऱ्याबद्दलही एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सातबारा किंवा फेरफार हा महसुली अभिलेख आहे. त्यावर नाव आले म्हणून मालकी निर्माण होत नाही आणि नाव नाही म्हणून वारसाचा हक्क जात नाही. तरीही ज्या जमिनीवर अजून आजोबांचेच नाव आहे, ती पुढच्या पिढीला देण्यापूर्वी वारसनोंद करून घेणे अटळ आहे, कारण प्रत्येक पिढीगणिक वारसांची संख्या वाढते आणि त्यातले कोणी दूर राहायला गेलेले, कोणी वारलेले, कोणी संपर्कातच नसलेले असतात. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावी अशी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ची अपेक्षा आहे. मयत खातेदारांची नावे इतक्या मोठ्या प्रमाणावर तशीच राहिली की शासनाला एप्रिल 2025 पासून 'जिवंत सातबारा' ही मोहीम राज्यभर राबवावी लागली. शहरातील मालमत्तेसाठी हीच नोंद नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर होते, आणि सदनिकेसाठी संस्थेच्या दप्तरी व भागदाखल्यावर.

तिसरी पायरी : काहीच केले नाही तर काय होईल, ते कागदावर मांडा

मृत्युपत्र नसेल तर कायदा वाटणी करतो. ती वाटणी तुम्हाला मान्य असेल, तर पुढचे बरेचसे काम सोपे होते. म्हणून ती आधी माहीत करून घ्यावी. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस समान हिश्श्याने घेतात. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुले आपल्या आईवडिलांच्या जागी येतात. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत, दुसऱ्या वर्गात आहेत, आणि पहिल्या वर्गातील एकही वारस असेपर्यंत त्यांना काही मिळत नाही. वृद्ध आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर ही तरतूद लक्षात ठेवायलाच हवी.

समजा, एका माणसाने स्वतःच्या कमाईतून सदनिका घेतली आणि तो मृत्युपत्राशिवाय गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई आहेत. सदनिकेचे चार समान हिस्से झाले आणि आईला एक चतुर्थांश मिळाला. काही वर्षांनी आईही मृत्युपत्र न करता गेली. आता तिचा चतुर्थांश तिच्या सर्व अपत्यांकडे जातो, म्हणजे वारलेल्या माणसाचे भाऊ आणि बहिणी त्या सदनिकेत हिस्सेदार होतात, आणि ज्या घरात विधवा पत्नी मुलांना घेऊन राहते ते विकायचे झाल्यास दीर-नणंदांच्या सह्या घ्याव्या लागतात. यात कोणाचाही लोभ नाही, कोणी काही वाईट केलेले नाही. केवळ दोन पानांचा एक कागद लिहायचा राहून गेला आहे.

स्त्रियांच्या मालमत्तेचा नियम तर अधिक विचित्र आहे. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिची मालमत्ता प्रथम मुले आणि पती यांच्याकडे जाते. दोन्ही नसतील, तर तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांचा क्रम लागतो. आईवडिलांकडून वारसाने मिळालेली मालमत्ता तेवढी, अपत्य नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. याचा अर्थ असा, की निपुत्रिक विधवेने स्वतः नोकरी करून साठवलेली रक्कम तिच्या वृद्ध आईला न मिळता सासरच्या नातेवाइकांना मिळू शकते. कमावत्या प्रत्येक स्त्रीने, वय कितीही असो, मृत्युपत्र करावे असे मला कळकळीने वाटते.

चौथी पायरी : नामनिर्देशन पुरे करा, पण त्यालाच वारसा समजू नका

नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे पैसे स्वीकारण्याचा अधिकार असलेली व्यक्ती. बँक किंवा संस्था तिला रक्कम देऊन आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, पण ती रक्कम शेवटी कोणाची, हे मृत्युपत्रावरून आणि ते नसल्यास वारसा कायद्यावरून ठरते. विम्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 मध्ये आणि शेअरच्या संदर्भात डिसेंबर 2023 मध्ये सांगितले आहे. विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणाचे नामनिर्देशन केले असेल, तर त्यांना त्या रकमेवर लाभार्थी म्हणून हक्क मिळतो. गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशित व्यक्तीला वारस निश्चित होईपर्यंत तात्पुरते सभासदत्व मिळते, सदनिकेची मालकी मिळत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की मृत्युपत्रात ज्याला जी मालमत्ता द्यायची त्याचेच नाव त्या मालमत्तेच्या नामनिर्देशनात असावे. दोन कागद दोन नावे सांगू लागले, की पैसे एकाच्या हातात आणि हक्क दुसऱ्याकडे अशी स्थिती होते. पूर्वी बँकेत एकच नाव देता येत असल्यामुळे हे जमत नसे. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, आणि ते टक्केवारी ठरवून एकाच वेळी किंवा एकामागून एक अशा क्रमाने करता येते. लॉकरसाठी फक्त क्रमाने करता येते.

भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन आवर्जून तपासा. नोकरीला लागताना अविवाहित असलेल्या माणसाने आईचे किंवा भावाचे नाव दिलेले असते आणि पुढे ते कोणाच्या लक्षातही राहत नाही. योजनेच्या नियमांनुसार कुटुंब झाल्यावर ते जुने नामनिर्देशन ग्राह्य राहत नाही, नवे द्यावे लागते.

पाचवी पायरी : हयातीत द्यायचे की मागे ठेवायचे

हयातीत देण्याचा मुख्य मार्ग बक्षीसपत्राचा आहे. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र लेखी, दोन साक्षीदारांनी साक्षांकित आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असावे लागते. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणी शुल्क वेगळे लागते. नातेवाइकांकडून मिळालेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही. मात्र पत्नीला, पतीला किंवा अज्ञान मुलाला दिलेल्या रकमेतून पुढे जे उत्पन्न येते, ते देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. बक्षिसाने किंवा वारसाने मिळालेली मालमत्ता पुढे विकली, तर भांडवली नफा मूळ मालकाच्या खरेदी किमतीवरून मोजला जातो, म्हणून जुने खरेदीखत आणि त्याच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), फेकून देऊ नयेत.

हे सारे सोपे आणि स्वस्त वाटते, आणि तेथेच धोका आहे. बक्षीसपत्र एकदा पूर्ण झाले, की मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. राहते घर मुलाच्या नावावर करून देऊन नंतर त्याच घरात परके झालेले आईवडील आपल्या सर्वांच्या परिचयात असतात. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या 2007 च्या अधिनियमाने अशा वेळी हस्तांतरण रद्द करून घेण्याचा मार्ग ठेवला आहे, पण त्यासाठी सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली होती हे दिसावे लागते. ती अट मनात ठेवून चालत नाही. डिसेंबर 2022 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट सिद्ध झाली नाही म्हणून आईला दिलासा नाकारला. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून एका आईला मालमत्ता परत मिळवून दिली. तेथे बक्षीसपत्रातच सेवा केल्याचा उल्लेख होता आणि त्याच दिवशी मुलाने लिहून दिलेल्या वचनाचा आधारही होता. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल, तर त्यात सांभाळाची अट आणि दात्याचा तहहयात राहण्याचा हक्क ही दोन्ही कलमे स्पष्ट शब्दांत घालावीत. माझे मत विचाराल, तर राहते घर आणि म्हातारपणाला पुरेल एवढी रक्कम हयातीत कोणाच्याही नावावर करू नये. त्यापलीकडे जे आहे त्यातून मुलांना गरजेच्या वेळी जरूर द्यावे.

दोन पळवाटांविषयी सावध राहावे. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सर्वसाधारणपणे संपते, म्हणून ते वारशाचे साधन होऊ शकत नाही. आणि सोय म्हणून एका मुलाचे नाव बँक खात्याला जोडले, तर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने त्याला पैसे काढता येतात. त्या पैशावरील इतर वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही, हे त्या मुलालाही आधीच समजावून सांगावे.

सहावी पायरी : मृत्युपत्र लिहा

मृत्युपत्रासाठी मुद्रांक लागत नाही, ठरावीक नमुना लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. सज्ञान आणि सुबुद्ध व्यक्तीने ते लिहिलेले असावे, तिने त्यावर सही किंवा अंगठा केलेला असावा, आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही पाहून किंवा तिच्याकडून तशी कबुली मिळाल्यावर तिच्यासमोर आपापल्या सह्या केलेल्या असाव्यात, एवढ्या 1925 च्या अधिनियमाच्या अपेक्षा आहेत. साक्षीदारांना आतील मजकूर वाचून दाखवण्याची गरज नसते. असे असूनही वाद होतात, ते मजकुराच्या मोघमपणातून आणि 'त्या वेळी बाबांना काही समजत नव्हते' या एका वाक्यातून.

मोघमपणा कसा असतो ते पाहा. 'माझे राहते घर व इतर सर्व काही माझ्या पश्चात पत्नीने सांभाळावे व नंतर मुलांनी समजुतीने वाटून घ्यावे.' हे वाक्य प्रेमाने लिहिलेले आहे, पण पत्नीला मालकी मिळाली की केवळ राहण्याचा हक्क, तिला घर विकता येईल का, 'समजुतीने' म्हणजे किती, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. तेच असे लिहिता येईल: 'माझ्या मालकीची अमुक भूमापन क्रमांकावरील, अमुक संस्थेतील सदनिका क्रमांक 12, भागदाखला क्रमांक अमुक, ही माझी पत्नी हिला संपूर्ण मालकी हक्काने, विक्रीच्या अधिकारासह देत आहे. ती माझ्या आधी वारल्यास सदर सदनिका माझा मुलगा व माझी मुलगी यांना प्रत्येकी निम्म्या हिश्श्याने मिळावी.' पत्नीला केवळ तहहयात राहण्याचा हक्क द्यायचा असेल, तर तेही तितक्याच उघड शब्दांत लिहावे. दोहोंची सरमिसळ केलेल्या मृत्युपत्रांवर आजवर किती दावे झाले असतील याची गणतीच नाही.

प्रत्येक लाभार्थ्यापुढे 'तो माझ्या आधी वारल्यास' ही शक्यता लिहावी. शेवटी एक सर्वसमावेशक कलम ठेवावे, की या मृत्युपत्रात उल्लेख न केलेली आणि यापुढे मी मिळवीन ती सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला मिळावी. हे कलम विसरले, तर नंतर घेतलेली ठेव किंवा प्लॉट मृत्युपत्राच्या बाहेर राहतो आणि त्याला पुन्हा तिसऱ्या पायरीतला कायदा लागू होतो. पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे वाक्य, तारीख आणि ठिकाण घालावे आणि प्रत्येक पानावर सही करावी. एखाद्या मुलाला कमी किंवा काहीच देत नसाल, तर त्याचे कारण संयत शब्दांत एक-दोन वाक्यांत नमूद करावे. जवळच्या वारसाचा उल्लेखही न करणारे मृत्युपत्र न्यायालयात संशयास्पद वाटू शकते, आणि त्या मुलालाही कागदावरून तेवढे तरी कळते, की आपल्याला विसरले नव्हते.

साक्षीदार निवडताना वय पाहा. मृत्युपत्र पुढे सिद्ध करायची वेळ आली, तर साक्षीदार हयात असल्यास त्यांपैकी किमान एकाची साक्ष घ्यावी लागते. म्हणून आपल्याहून तरुण, एकाच जागी बरीच वर्षे राहिलेले आणि ज्यांना मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही असे दोघे निवडावेत. त्यांपैकी एक तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तमच, कारण त्यांना तुमच्या मनःस्थितीविषयीही सांगता येईल. वय अधिक असल्यास त्याच दिवशीचे सुबुद्धतेचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. नोंदणी सक्तीची नसली तरी ती करावी, असेच मी सुचवेन. नोंदणी केलेले मृत्युपत्रही नंतर बदलता येते, आणि खरेपणाच्या वादात त्या नोंदीचे वजन पडते. गोपनीयता हवी असेल, तर जिल्हा निबंधकाकडे मोहोरबंद लिफाफ्यात मृत्युपत्र ठेवण्याची सोय 1908 च्या नोंदणी अधिनियमात आहे.

मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून एका व्यक्तीचे आणि ती नसल्यास दुसऱ्या व्यक्तीचे नाव द्यावे. हिशेबात चोख आणि सर्व भावंडांशी बोलणे असलेली व्यक्ती या कामी येते. ती नात्यातलीच असावी असे नाही.

सातवी पायरी : ज्या घरांना एवढ्याने भागत नाही

मूल विकलांग असेल, तर त्याच्या नावावर मालमत्ता करून थांबू नका, कारण ते अठरा वर्षांचे झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार स्थानिक स्तर समितीकडून पालकाची नेमणूक करून घेता येते. त्याच्या जोडीला भारतीय न्यास अधिनियम, 1882 खाली खासगी न्यास करून मालमत्ता विश्वस्तांच्या हाती द्यावी आणि तिचा उपयोग त्या मुलाच्या निवास, उपचार व देखभालीसाठीच व्हावा असे न्यासपत्रात लिहावे. या घरांत सर्वांत अवघड प्रश्न 'आमच्यानंतर कोण' हाच असतो, आणि त्याचे उत्तर आईवडील धडधाकट असतानाच प्रत्यक्ष माणसांशी बोलून शोधावे लागते. विश्वस्त दोनपेक्षा अधिक असावेत, त्यांतला किमान एक पुढच्या पिढीतला असावा, आणि भावंडावर हे ओझे गृहीत धरून टाकण्यापूर्वी त्याला विचारावे.

धंदा असलेल्यांनी भागीदारीपत्र उघडून पाहावे. वेगळे काही ठरलेले नसेल, तर 1932 च्या अधिनियमानुसार भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी विसर्जित होते. धंद्यातील कर्जाची भीती असेल, तर विवाहित पुरुषाने आयुर्विमा घेतानाच तो विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या अधिनियमाखाली पत्नी आणि मुलांसाठी घ्यावा. ती रक्कम सावकारांच्या हाती लागत नाही. नंतर तसा बदल करता येत नाही, म्हणून अर्जाच्या वेळीच सांगावे लागते.

आठवी पायरी : घरात सांगा, कागद जपा, वेळोवेळी उघडून पाहा

आकडे सांगायचे की नाही, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे. पण मृत्युपत्र केले आहे, ते अमुक ठिकाणी आहे, आणि वाटणीमागे माझा विचार असा आहे, एवढे तरी सर्व मुलांना एकत्र बसवून, एकाच दिवशी आणि एकाच शब्दांत सांगावे. एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर कळले, की कळण्याच्या क्रमावरूनच रुसवे सुरू होतात. मूळ मृत्युपत्र केवळ स्वतःच्या नावावरील लॉकरमध्ये ठेवू नये, कारण लॉकर उघडायलाच नामनिर्देशन किंवा वारसांचे कागद लागतात आणि नेमका तोच कागद आत असतो. मोबाइल, ईमेल आणि ऑनलाइन खात्यांचे पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नयेत. ते बंद लिफाफ्यात वेगळे ठेवून लिफाफ्याची जागा व्यवस्थापकाला सांगावी.

घरात लग्न, जन्म, घटस्फोट किंवा मृत्यू झाला, मालमत्ता घेतली किंवा विकली, तर वही, नामनिर्देशने आणि मृत्युपत्र ही तिन्ही एकत्र उघडावीत. किरकोळ बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र पुरते, पण तेही दोन साक्षीदारांसमोरच करावे लागते. मूळ कागदावर खाडाखोड करून बाजूला सही केल्याने भागत नाही. दोनपेक्षा अधिक पुरवण्या झाल्या, तर सरळ नवे मृत्युपत्र लिहावे.

वहीच्या शेवटच्या पानावर वारसांनी नंतर करायची कामे क्रमाने लिहून ठेवावीत: मृत्यूची नोंद 21 दिवसांत करून दाखल्याच्या पुरेशा प्रती घेणे, विमा आणि भविष्य निर्वाह निधीचे दावे दाखल करणे, बँकांना कळवणे, तीन महिन्यांत जमिनीची वारसनोंद, संस्थेकडे अर्ज, आणि मृताचे त्या वर्षीचे प्राप्तिकर विवरणपत्र भरणे. मृत्युपत्र किंवा नामनिर्देशन नसेल, तेथे ठेवी आणि रोख्यांसाठी दिवाणी न्यायालयाकडून वारसा प्रमाणपत्र आणावे लागू शकते. मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल वाद असल्यास प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, मागता येते. त्या पानावर वकिलाचे, सनदी लेखापालाचे आणि मृत्युपत्राच्या दोन्ही साक्षीदारांचे दूरध्वनी क्रमांक लिहावेत, आणि दर दिवाळीला ते क्रमांक अजून चालू आहेत का, हे एकदा फोन लावून पाहावे.